चकचकीत की मॅट? : स्वयंपाकघरातलं मटेरियल सायन्स

आधीच सांगून टाकतो, हा लेख 'किचन सजावटीच्या दहा टिप्स' छापाचा नाही. तसले लेख वाचूनच तर मी फसलो! हा लेख आईच्या भिशीच्या १५ हजार रुपयांबद्दल आहे. त्यातल्या ३ हजारांची मी ८ दिवसांत वाट लावली. उरलेल्या १२ हजारांत मात्र आमच्या किचनची शटर्स नव्यासारखी झाली. दोन्ही वेळा मटेरियल तेच होतं आणि चिकटवणारे हातही तेच. मग फरक कुठे पडला? दुसऱ्या वर्षाला मटेरियल सायन्सचा जो पेपर आपण सगळ्यांनी आदल्या रात्री वाचून दिला, त्यात त्याचं उत्तर होतं.

आमचं घर लोणी काळभोरातच, सोलापूर रोडपासून थोडं आत. हॉस्टेलची निम्मी मेकॅनिकल रविवारी आमच्याकडे जेवून गेली आहे, त्यामुळे ते किचन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. गॅसच्या बाजूच्या शटरवर ते कॅलेंडर का लावलं होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्याच्यामागे फॉईल सुटून पापुद्र्यासारखी लोंबत होती. आतलं एमडीएफ शाबूत होतं, फक्त वरची कातडी गेली होती. तशात ताईचा साखरपुडा घरीच करायचं ठरलं. सुतारकाका आले, ट्रॉल्या ओढून बघितल्या आणि सगळी शटर्स नवी करायचा आकडा सांगितला. आकडा ऐकून बाबा पेपर वाचायला लागले.

रात्री आई म्हणाली, "तू इंजिनीअर होणारेस ना? मग नुसता वरचा कागद बदलून भागतंय का ते बघ. माझी भिशी लागलीय या महिन्यात."

आता 'वरचा कागद' म्हणजे नक्की काय, इथून सुरुवात करू. आपल्याकडे किचनच्या शटरला मुख्यतः तीन प्रकारची कातडी असते. पहिला सनमायका. हे खरं तर ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्याच लॅमिनेटला चिकटलं. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, वर नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवतात, आणि उष्णता व प्रचंड दाब देऊन त्याचा एकच पत्रा करतात. जाडी साधारण १ मिलिमीटर. दुसरा प्रकार मेंब्रेन : एमडीएफवर नक्षी कोरून त्यावर पीव्हीसीची फॉईल गरम करून व्हॅक्यूमने ओढून बसवतात. आमची शटर्स ही अशी. तिसरा प्रकार म्हणजे मागे गोंद असलेली व्हिनाईल फिल्म, जी आहे त्या शटरवर चिकटवता येते. गाडीच्या नंबर प्लेटवर 'रेडियम' लावणारा माणूस जे कापत बसलेला असतो, त्याच्याच जातीची. फर्निचरसाठी मिळते ती थोडी जाड, २०० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे सनमायकाच्या एक पंचमांश.

गंमत म्हणजे या तिन्हींची वंशावळ दोनच घराण्यांत संपते. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये बेकेलाईट बनवलं. तेच ते फिनॉलिक रेझिन. कुकरचा काळा दांडा आणि सनमायकाच्या पोटातला तपकिरी थर हे सख्खे चुलत भाऊ! १९१३ मध्ये अमेरिकेत फॉर्मिका कंपनी निघाली ती असे थर दाबून विजेच्या कामासाठी इन्सुलेटर बनवायला. तोवर त्या जागी अभ्रक म्हणजे मायका वापरत, त्याला पर्याय म्हणून 'फॉर मायका'. आपल्या सनमायकातही अभ्रक औषधालासुद्धा नसतं. दुसरं घराणं पीव्हीसीचं. ते मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या बी. एफ. गुडरिचच्या केमिस्टने त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून ते मऊ, लवचिक केलं. रेनकोट, रेक्झिन आणि आपली ही फिल्म, सगळं तिथून आलं.

पहिलं घराणं थर्मोसेट : एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही. फार तापवलं तर करपतं. दुसरं थर्मोप्लास्टिक : तापवलं की मऊ, थंड झालं की पुन्हा कडक. साध्या कडक पीव्हीसीचं ग्लास ट्रान्झिशन ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि प्लॅस्टिसायझर घातला की ते आणखी खाली येतं. हा ८० चा आकडा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

झालं असं, की शटरच्या आधी मला ओट्याचंच सुचलं. आमचा ओटा कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या त्या जिल्ह्यातून येणारा काळा चुनखडीचा दगड. चुनखडी असल्याने लिंबू, चिंच, ताक काहीही सांडलं की ॲसिड त्याला खातं आणि पांढुरका डाग राहतो. (ग्रॅनाइट सिलिकेटचा, त्याला लिंबाने काही होत नाही.) वीस वर्षांची आमटी आणि कोशिंबीर पचवून आमचा ओटा नकाशासारखा झाला होता. नेटवर एका फोटोत पांढऱ्या मार्बलच्या डिझाइनची चकचकीत व्हिनाईल फिल्म लावून 'नवा' केलेला ओटा बघितला आणि मी खूष! लोणी स्टेशनजवळच्या रेडियमवाल्याकडून ऑर्डर देऊन मागवली. एका रविवारी दोन हॉस्टेलवासी मित्रांच्या मदतीने लावली. आईला खरंच आवडली होती. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली तिने.

तिसऱ्या दिवशी आईने भज्यांची कढई उतरवून सवयीने ओट्यावर ठेवली. तळणाचं तेल १७० ते १८० अंशांचं. कढई उचलली तेव्हा तिच्याबरोबर मार्बलही उचललं गेलं. पाचव्या दिवशी कुकर. कुकरच्या आत दाबामुळे १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, बूड त्याहून तापलेलं. दुसरं वर्तुळ उमटलं. तोवर सिंकच्या कडेने पाणी आत शिरून फिल्म फुगायला लागली होती. आठव्या दिवशी विळीचा पाय घसरून लांब चिरा पडला आणि आईने काही न बोलता त्यावर जुना टेबलक्लॉथ पसरला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचा रविवार हेअर ड्रायरने फिल्म सोडवण्यात आणि उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुसण्यात गेला. खिडक्या उघड्या आणि गॅसचा रेग्युलेटर बंद, हे सांगायला नकोच.

आपल्याकडचा ओटा ही परदेशी फोटोतल्या 'वर्कटॉप'पेक्षा वेगळी वस्तू आहे, हे मला तेव्हा कळलं. आपण गरम भांडं थेट ओट्यावर ठेवतो, भाकरीचा तवा टेकवतो, पोळपाट सरकवतो, खलबत्त्याने ठोकतो, आणि रात्री बादलीभर पाणी ओतून ओटा धुतो. त्या फोटोतला माणूस ओला स्पंज फिरवतो. पंचवीस-तीस पैशांच्या जाडीच्या… नाही, खरं तर कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढ्या जाडीच्या प्लास्टिककडून आपल्या ओट्याचं काम मागणं हा डिझाइनचाच गुन्हा. हीट रेझिस्टंट असं रोलवर लिहिलेलं असलं तरी किती अंशांपर्यंत ते विचारा. त्यामुळे ओट्याला व्हिनाईल लावू नका. शेगडीच्या मागच्या भिंतीवर तर नकोच नको. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा धूर होतो.

शटरचं मात्र गणित वेगळं. शटर उभं असतं. त्यावर कोणी कढई ठेवत नाही, चाकू चालवत नाही, पाणी साचत नाही. तिथे शत्रू तीनच : वाफ, हळद आणि हात. फिनिश निवडायचं ते या तिघांकडे बघून, फोटोकडे बघून नाही.

इथे एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा, 'ग्लॉस'ला मराठीत काय म्हणावं हे आईला विचारावं लागलं. ती म्हणाली 'झिलई'. 'टेक्स्चर'ला 'पोत'. आणि 'मॅट'ला? बराच विचार करून म्हणाली, "उतरलेली झिलई." व्याख्या म्हणून ही अगदी चूक नाही! गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एका दिशेने परततो आणि सूक्ष्म खडबडीत पृष्ठभागावरून तो सगळीकडे विखुरतो. ग्लॉसमीटर हेच मोजतो. साधारणपणे ६० अंशांच्या कोनात प्रकाश टाकायचा आणि समोर तेवढ्याच कोनात किती परत आला ते बघायचं. एकाच रंगाचा, एकाच पीव्हीसीचा कागद चकचकीत किंवा मॅट होतो तो पृष्ठभागाच्या या उंचसखलपणामुळे. आणि नेमक्या त्या खाचांमध्ये तेल बसतं.

चकचकीत फिल्म पुसायला सगळ्यात सोपी. पण ती चुगलखोर असते. खालच्या एमडीएफवरचा प्रत्येक खडा, जुना ओरखडा, पुसायचा राहिलेला धुळीचा कण, सगळं ट्यूबलाईटच्या प्रतिबिंबात लाटांसारखं दिसतं. नव्या कोऱ्या सपाट शटरवर ती शोभते, जुन्या शटरची मात्र अब्रू काढते. त्यातून गडद रंग असेल तर आणखी एक भानगड. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. सिंकखालच्या शटरवर शिंतोडे उडून वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. काळ्या चकचकीत तुकड्यावर ते दोन दिवसांत दिसायला लागले.

अगदी मखमली, 'सुपर मॅट' फिल्मवर हाताच्या तेलाचे डाग पडतात. पोळ्या करताना तुपाचा हात लावून ट्रॉली ओढली की तिथे कायमची काळपट सावली. घासून घासून पुसलं तर तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागतो, मग ते आणखी वाईट दिसतं.

खोल लाकडी रेघांची फिल्म जुन्या शटरचे दोष छान लपवते. पण रेघांत पीठ बसतं आणि त्यावर वाफ. भाकरी करणाऱ्या घरात परातीजवळच्या शटरला ती नको, वरच्या कपाटांना चालेल. ब्रश केलेल्या स्टीलसारखी फिल्म दिसायला झकास, पण तिच्या रेघांना दिशा असते. एक शटर उभं आणि एक आडवं कापलं गेलं तर दोन वेगळ्या रंगांची वाटतात. कापण्याआधी मागच्या कागदावर पेनाने बाण काढून ठेवा.

आता हळद. ही परीक्षा परदेशी कॅटलॉगमध्ये नसते, म्हणून मी घरीच घेतली. तेलात हळद घालून केलेली फोडणी कोमट झाल्यावर एकेक चमचा चकचकीत व्हिनाईल, हलक्या पोताचं सॅटिन व्हिनाईल, मखमली मॅट आणि सनमायकाच्या तुकड्यावर ठेवली. (सनमायकाचे तुकडे पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सॅम्पल म्हणून आणले.) रात्रभर ठेवून सकाळी भांड्याच्या साबणाने पुसलं. सनमायका जवळजवळ स्वच्छ. चकचकीत आणि सॅटिनवर फिकट पिवळी छटा, मॅटवर चांगलाच पिवळा ठसा. चार तुकड्यांवरचा एक प्रयोग म्हणजे काही सिद्धांत नव्हे, पण कारण पटण्यासारखं आहे. हळदीतलं करक्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. मऊ पीव्हीसीमधला प्लॅस्टिसायझर हाही तेलकट पदार्थ. त्यामुळे करक्युमिन नुसतं वर न बसता आत शिरतं. मेलामाइनच्या घट्ट जाळ्यात त्याला तशी वाट मिळत नाही.

आणि सोड्याने घासायला जाल तर डाग लाल होतो, घाबरू नका! हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. डाग घालवायचा उपाय आईने सांगितला : ऊन. करक्युमिन प्रकाशात टिकत नाही, म्हणूनच हळदीच्या डागाची साडी उन्हात टाकतात. माझे तुकडे गच्चीवर ठेवले तर चार दिवसांत पिवळेपणा बराच उतरला. पण शटर काही गच्चीवर नेता येत नाही. म्हणून गॅसच्या दोन्ही बाजूंना पांढरी किंवा राखाडी फिल्म लावू नये. तिथे बदामी, लाकडी असा रंग घ्यावा, ज्यात पिवळी छटा मिसळून जाते.

रंगाबद्दल एवढंच, की नमुना दुकानात पसंत करू नका. घरी आणा, शटरवर उभा चिकटवा आणि रात्री आठ वाजता तुमच्या घरच्या दिव्यात बघा. दिवसा जुळणारे दोन रंग एलईडीखाली फटकून वागतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि आमच्या घरी यावरून अर्धा तास भांडण झालं.

शेवटी आम्ही घेतलं ते हलक्या पोताचं, ना चकचकीत ना मखमली असं बदामी लाकडी सॅटिन. ताईला करडा हवा होता, तो वरच्या तीन कपाटांना दिला. ती गॅसपासून लांब आहेत.

हिशोब करताना मी पुन्हा चुकणार होतो. खालची शटर्स ७, प्रत्येक २ फूट उंच आणि दीड फूट रुंद. म्हणजे २१ चौरस फूट फिल्म, असं मी आधी लिहिलं. पण फिल्म कडेवरून मागे वळवायची तर प्रत्येक बाजूला २ इंच जास्त हवी. मग एक तुकडा २८ बाय २२ इंचांचा झाला, आणि सात तुकड्यांचे जवळजवळ ३० चौरस फूट. शिवाय रोल ४ फूट रुंदीचा आणि लाकडाच्या रेघा उभ्याच हव्यात. रुंदीत २२ इंचांचे दोनच तुकडे बसतात, म्हणून चार रांगा, ११२ इंच, ९ फूट ४ इंच. दुकानातून १० फूट घ्यावे लागतात, म्हणजे ४० चौरस फूट. २१ चे ४०! आठव्या तुकड्याची जागा उरते ती वाया गेली असं समजू नका. माझा दुसरा तुकडा चुरगळलाच.

रोल घेताना फिल्म 'कास्ट' आहे की 'कॅलेंडर्ड' हेही विचारा. कॅलेंडर्ड म्हणजे रोलरमधून लाटून काढलेली, पोळीसारखी. लाटताना आलेला ताण तिच्यात राहतो आणि हळूहळू ती आक्रसते, कडेला गोंदाची काळी रेघ दिसायला लागते. कास्ट म्हणजे ओतून केलेली, धिरड्यासारखी. तिच्यात असा ताण जवळपास नसतो. ती महाग आणि सहसा पातळ असते. सपाट शटरला चांगली जाड कॅलेंडर्ड चालते. आमच्यासारख्या कोरलेल्या नक्षीच्या मेंब्रेन शटरला ती खाचेत बसत नाही, ताणून बसवली तर चार दिवसांनी तंबूसारखी उठते. म्हणून आम्ही जुनी फॉईल पूर्ण सोलली, सुतारकाकांकडून खाचा लांबीने भरून घेतल्या, घासून सपाट केल्या, वर प्रायमरचा हात दिला. काकांनी मजुरी कमी घेतली, पण "कागदाचं काम कागदासारखंच टिकणार" हे सुनवायला विसरले नाहीत.

वरच्या कपाटांना सोलायची गरज नव्हती, नुसती सफाई. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. तेलाची वाफ वर्षानुवर्षं बसून हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते, तो चिकट थर साध्या फडक्याने निघत नाही. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाईल रिपेअरवाला वापरतो ते). सफाई झाली का हे बोटाने बघू नका. पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब होऊन फुटलं तर तेल शिल्लक आहे. वर्कशॉपमध्ये प्लेटिंगच्या आधी हीच परीक्षा करतात. आमचं पहिलं कपाट तीनदा नापास झालं.

लावताना वरून खाली, प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर हवा काढत जायचं. वळवलेल्या कडांना आणि कोपऱ्यांना हीट गनने ९० ते १०० अंशांपर्यंत तापवून दाबायचं, म्हणजे ताणाची आठवण पुसली जाते. तोच ८० चा आकडा, ज्याने ओट्यावर मला बुडवलं, इथे उपयोगी पडला. हा गोंद दाबाने धरतो आणि पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ओलं फडकं बंद. आईला हे पटवणं हे सगळ्यात अवघड काम होतं.

साखरपुड्याला पाहुण्यांपैकी एक आजी किचनमध्ये आल्या, शटरवरून हात फिरवला आणि "सागाचं का?" म्हणाल्या. आई नुसती हसली. ओटा मात्र कडप्प्याचाच आहे, नकाशासकट. आई आठवड्यातून एकदा त्यावर तेलाचा हात फिरवते.

कडा मी दर महिन्याला नखाने तपासतो. सहा महिन्यांत एकच उचलली : सिंकखालच्या शटरचा डावा कोपरा, दोन मिलिमीटर. तिथे प्रायमर लावायचा राहिला होता.